प्रिन्सी पुन्हा थांबली

१३ जुलै, रविवार

कामणदुर्गाच्या अर्ध्या वाटेवर प्रिन्सीला खेकडा दिसला. झालं. गेल्या खेपेला बेडूक होता, त्याआधी रानहळदीची फुलं. पाठीवर प्रत्येकीच्या दोन-दोन स्की, जड बूट, काठ्या. पायाखालचे दगड शेवाळलेले. आणि ही बाई वाटेत उकिडवी बसून खेकड्याचं कौतुक करते आहे. "बघ ना संपदा, कसला गोड आहे. बस ना जरा." मी बसले. मला बसायचं नव्हतं, पण ती वाटेच्या मधोमध बसल्यावर मी काय तिच्या डोक्यावरून जाणार होते? नशीब एवढंच, की मला नेमका तेव्हाच दम खायचा होता, तो खाऊन झाला.

तेवढ्यात रीमानं डबा उघडला. रीमाचा नायगावला केटरिंगचा धंदा आहे, त्यामुळे तिच्याबरोबर डोंगरावर जाणं म्हणजे कुणाच्या तरी साखरपुड्याला जाणं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वर उकडलेली अंडी. "खा गं, तोंड बघ तुजं कसं झालंय," म्हणाली. माझं तोंड रागानं तसं झालं होतं.

ही वही मुद्दाम सुरू केली आहे. ऑफिसात मी लोकांचे विम्याचे दावे तपासते. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं मी दिवसभर लोकांना ऐकवत असते. तेव्हा उद्या आम्ही शर्यतीतून बाद झालो तर कुणामुळे झालो, याची कुठेतरी नोंद असलेली बरी.

शर्यत फेब्रुवारीत आहे, हिमाचलात. हौशी बायकांचा गट, तिघींचा संघ. बर्फाचा डोंगर पायात स्की घालूनच चढायचा. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टा चिकटवतात. त्याला सगळे कातडंच म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. माथ्यावर पोचलं की ते कातडं ओरबाडून काढायचं, जॅकेटात कोंबायचं आणि पलीकडच्या बाजूनं घसरत उतरायचं. असे तीन डोंगर. प्रत्येक माथ्यावर चौकी. ठरलेल्या वेळेच्या आत तिघी पोचल्या नाहीत तर तिघीही बाद. शेवटी पोचते तिची वेळ ती संघाची वेळ. म्हणजे एकीनं जरी खेकडे बघितले तरी कारभार आटोपला.

आम्ही तिघींनी लागोपाठ दोन हिवाळे स्कीचे कोर्स केले. पडत धडपडत का होईना, उतरता येतं. शर्यतीचं मी शोधून काढलं, अर्ज मी भरला, सरावाचं वेळापत्रक मी आखलं. कारण मला ही शर्यत पुरी करायची आहे. कऱ्हाडला शाळेत मी खेळाच्या दिवशी नेहमी पाणी वाटायला. कॉलेजातही तेच. चव्वेचाळिसाव्या वर्षी एकदा तरी निकालाच्या यादीत माझं नाव हवं, शेवटून पहिलं असलं तरी चालेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२७ जुलै, रविवार

वसईत बर्फ कुठून आणायचा, यावर मी आठवडाभर डोकं फोडत होते. प्रिन्सीनं एका फोनमध्ये प्रश्न सोडवला, आणि तेही मला फारसं रुचलं नाही.

तिचा मामेभाऊ व्हॅलेरियन. बंदरावर त्याचा बर्फाचा कारखाना आहे. मासेमारीची बंदी असल्यामुळे बोटी किनाऱ्याला, कारखाना बंद. आता चार दिवसांत बंदी उठणार, म्हणून त्यानं चाचणीच्या लाद्या काढल्या होत्या. "हा बर्फ असाही टाकूनच देतो," म्हणाला आणि सगळा क्रशरमधून काढून माल चढवायच्या उतारावर पसरून दिला. उतार तो केवढा! पण पांढरा होता. मासळीचा वास सोडला तर हिमाचलच.

प्रिन्सी कातडं लावून पहिल्या झटक्यात वर गेली. ती हलकी आहे, त्यात कौशल्य काही नाही. तिच्या मागून रीमा. मग मी. माझी स्की दोन पावलं वर आणि तीन खाली, असं चाललं होतं, कारण माझ्या वाट्याला बर्फाचा वितळलेला भाग आला होता. व्हॅलेरियनचे वडील, पास्कल अंकल, हाफ पँटीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बाय, तू मागं का येते सारखी? वर जायचं हाय ना?"

सगळं बंदर गोळा झालं होतं. एका बाईनं पाटी खाली ठेवून विचारलं, शूटिंग कसलं आहे. रीमा हसून हसून पडली ती उठेच ना. मग प्रिन्सीनंही स्की काढल्या आणि तिघींनी बसून त्या उतारावरून घसरगुंडी करावी असं तिच्या मनात आलं. म्हणे, आधी बर्फाची भीती जायला हवी. कुणाची भीती? मला तर कसलीच भीती नाही. पण दोघींनी दोन हात धरून ओढलं, तेव्हा नाइलाज झाला. बरेचदा घसरलो. शेवटी बर्फाचं पाणी झालं आणि आम्ही मासळीच्या वासासकट घरी.

प्रिन्सी शाळेत खेळाची बाई आहे. त्यामुळे तिला सगळं खेळच वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज बोलायची सोय नाही इतका संताप आहे, म्हणून लिहिते.

कातड्यांना एका बाजूला डिंक असतो. तो चिकट असतो. चिकट असणं हेच त्याचं काम. मी माझी दोन्ही कातडी दमट हवेपासून जपून कपाटात एकमेकांना चिकटवून ठेवली होती. आज सराव करायचा म्हणून काढायला गेले तर ती छान मोकळी, मऊ, पांढरी झालेली.

"आई, याला हात कुणी लावला?"

सासूबाई कौतुकाची वाट बघत उभ्याच होत्या. "मी. अगं, कपाट आवरताना बघितलं तर पार चिकटून बसलेली एकमेकांना. पावसाळ्यात व्हायचंच. मी सुटी केली आणि मध्ये तांदळाची पिठी भुरभुरवली. आता बघ कशी झालीत."

"आई, ती चिकटायलाच हवी होती!"

"मग पापडांसारखी एकावर एक कशाला ठेवलीस?"

न्हाणीघरातून सिद्धेशच्या हसण्याचा आवाज आला. नवरा म्हणून त्याच्याकडून माझ्या फार अपेक्षा नाहीत, पण निदान नळ तरी सोडायचा. डिंकात पीठ इतकं मुरलंय की ते आता निघणं नाही. आमच्या एव्हरशाईन सिटीत सगळं मिळतं, कातडी मिळत नाहीत. परदेशातून मागवावी लागणार, आणि ती कधी येतील देव जाणे.

संध्याकाळी प्रिन्सी स्कूटरवरून येऊन तिची कातडी देऊन गेली. "तू वापर. मला आत्ता नाही लागली तरी चालतं." ऐकलंत? हिला सरावाची गरजच नाही! सासूबाईंनी तिला बटाटेवडे खाऊ घातले आणि दोघी माझ्यासमोर पापडांवर बोलत बसल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

तुंगारेश्वरचा डोंगर. प्रिन्सी थांबली. आधी एका कोळ्याच्या जाळ्यासाठी, मग फोन आला म्हणून (वाजलेला मला ऐकू आला नाही), मग नुसतीच. त्या तिसऱ्या वेळी मी खरंच बोलणार होते, पण घशाला कोरड पडली होती.

घरी येऊन सिद्धेशला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "तू बसल्यावर तिला कोळी दिसतात, की आधी?" म्हणजे काय, असं विचारलं तर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. या घरात कुणाशी गंभीरपणे बोलायची सोय नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

रीमाच्या माहेरी, खाडीकाठी. समोर नव्या इमारतींचे मनोरे आणि अलीकडे तिच्या बाबांची, धर्माकाकांची, भाताची खाचरं. झोडणी झाली आहे, पेंढा रचून ठेवला आहे. रीमाच्या डोक्यात आलं की खाडीच्या बांधाच्या उतारावर पेंढा अंथरायचा आणि त्यावरून स्की करायची. धर्माकाकांनी एका शब्दानं विचारलं नाही, कशाला म्हणून. सरळ भारेच्या भारे आणून पसरले आणि स्वतः बाजूला उभे राहिले बघायला.

पेंढ्यावरून स्की इतकी सुळकन जाते की मला पत्ताच नव्हता. पहिल्यांदा मी थेट खाचरात गेले. दुसऱ्यांदा वळले! खरंच वळले, दोन्ही पायांवर, ठरवून. रीमा वरून ओरडली, "ए संपदा, भारी गं!" मी परत वर गेले. परत वळले. ऊन उतरेपर्यंत आम्ही हेच करत होतो. मजा आली हे लिहायला हरकत नाही. मला काळजी त्याचीच आहे. मजा येते आहे म्हणजे सराव होत नसणार.

शिवाय शिस्त नाही ती नाहीच. मी खाली बसून नवी आलेली कातडी लावत होते, तेवढ्यात या दोघी बांध चढून, उतरून, पुन्हा चढून गेल्या. उगाच शक्ती वाया घालवायची.

मग रीमाची आई, जिजाकाकू, घरातून बाहेर आल्या आणि त्यांनी बांध बघितला. "अगो रीमे! म्हशीचा चारा गो तो! म्हशीनं काय खायाचं, तुमच्या पायाखालचं?" सगळा पेंढा आम्हीच वेचून, झटकून परत रचला. पाठीचा काटा ढिला झाला. त्यानंतर जिजाकाकूंनी चिंबोऱ्यांचं कालवण वाढलं आणि मी किती जेवले ते इथे लिहीत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

काल प्रिन्सीकडे नाताळ. महिनाभर सराव जवळपास बंद, कारण आधी तिच्या चर्चची गडबड, मग रीमाच्या लग्नांच्या ऑर्डरी. मी वेळापत्रक काढून दाखवलं तर प्रिन्सीच्या आईनं त्यावर करंज्यांची बशी ठेवली.

शर्यत दोन महिन्यांवर आली आहे आणि मला आता झोप लागत नाही. आमच्या इमारतीतली पिंकी परवा मॅरेथॉन पळून पदक घेऊन आली. तेवीस वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी आमच्या पाठोपाठ तिनंही तो स्कीचा कोर्स केला. ती पळताना मी गॅलरीतून बघते. ती कधीच थांबत नाही. खेकडा नाही, कोळी नाही, करंजी नाही.

आयोजकांच्या नियमात आहे: जानेवारीच्या मध्यापर्यंत संघातलं एक नाव बदलता येतं.

नियम आपला वाचला. बाकी काही नाही.

४ जानेवारी, रविवार

पिंकीला आज कामणदुर्गाला बरोबर नेलं, सहज म्हणून. पायथ्यापासूनच पिंकी आणि प्रिन्सी दोघी पुढे सुटल्या त्या दिसेनाशाच झाल्या. रीमा माझ्याबरोबर होती. आम्ही दोघी माथ्यावर पोचलो तेव्हा प्रिन्सी बूट काढून आडवी झाली होती, संत्री खाऊन सालं वाळत आली होती. घाम नाही, धाप नाही. पिंकी मात्र गुडघ्यांवर हात ठेवून उभी. म्हणाली, "काकू, या प्रिन्सी मिस कसल्या डेंजर आहेत!"

म्हणजे हिला जमतं! न थांबता चढता येतं, अगदी व्यवस्थित येतं. पण आमच्याबरोबर असताना करायचं नाही. परक्या पोरीसमोर मिरवायला दम आहे आणि स्वतःच्या संघासाठी खेकडे. सहा महिने मी हिच्यापायी ताटकळले. खाली उतरताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रीमाला वाटलं गुडघा दुखतोय. तिनं माझी सॅक घेतली, ती मी दिली.

मी ठरवलं. वाईट वाटतं, पण ठरवलं.

६ जानेवारी, मंगळवार

लिफ्टमध्ये पिंकीला गाठलं. म्हटलं, "आमच्या संघात एक जागा रिकामी होईल असं दिसतं. येशील?"

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "काकू, तुम्ही खरंच ग्रेट आहात. असं दुसऱ्या कुणाला नसतं जमलं." डोळ्यांत पाणी! ग्रेट कशात ते मला कळलं नाही. पण हल्लीच्या मुली कशालाही ग्रेट म्हणतात.

रविवारी रीमाकडे जमायचं आहे. तिथे प्रिन्सीला सांगणार. कसं सांगायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. "प्रिन्सी, राग मानू नकोस, पण खेळ आणि शर्यत यांत फरक असतो." दुसऱ्यांदा म्हणताना सासूबाई मागे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्या बाबतीत चांगलं लक्षण नाही.

११ जानेवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

रीमाच्या ओट्यावर दोघी बसल्या होत्या. मी चपला काढल्या आणि म्हटलं, "मला जरा बोलायचंय." एवढ्यात प्रिन्सी उठली आणि तिनं मला मिठी मारली. घट्ट. रडत होती.

"काही बोलू नकोस. पिंकीनं सांगितलं आम्हाला."

मी विचारलं, "काय सांगितलं?"

"की तू तुझी जागा तिला द्यायला निघालीस म्हणून. आमची शर्यत बुडू नये म्हणून. आम्हाला विचारायचंस तरी यार!"

रीमा आत जाऊन पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर तांब्या आदळला. "सांगून ठेवते. तू नाय तर आमी पन नाय. त्या पिंकीला मी फोन करून सांगितलंय, पोरी, तू फुडच्या वर्षी बघ."

मी कसंबसं विचारलं, "पण तुम्हाला असं का वाटलं, की मी... माझी..."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग प्रिन्सी हळू आवाजात म्हणाली, "संपदा, तुला वाईट वाटत असणार मी सारखी थांबते त्याचं. माहीत आहे मला. पण चढताना तुझा चेहरा असा लाल होतो ना, मला भीती वाटते. तू बस म्हटलं तर बसणार नाहीस. मग मी काहीतरी खेकडा-बिकडा शोधते. शर्यतीचं काय गं, झाली तर झाली, नाही तर नाही. तिघी जाऊ, मजा करू."

पिंकीनं डोंगरावर आमच्याबरोबर एक दिवस काढला होता. संघातली कुठली जागा रिकामी व्हायला हवी, हे तिला विचारावंसुद्धा लागलं नाही. तिला दिसलं, या दोघींना केव्हापासून दिसत होतं, सिद्धेशला दिसत होतं, पास्कल अंकलना तर खुर्चीतून दिसलं. दावे तपासणाऱ्या बाईला दिसलं नाही.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. पुढे वाचवेना.

मला खूप रडू आलं, आणि रागही आला. त्यांचा! सहा महिने मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. मी काय आजारी आहे, लहान आहे? मी आपली सगळ्यांवर चिडत राहिले आणि या दोघी माझ्यासाठी कोळी शोधत राहिल्या. आणि मी काय करायला गेले होते ते त्यांना अजून ठाऊक नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

नाव बदलायची मुदत आज संपली. मी माझं नाव मागे घेतलं नाही. मोठ्या मनाच्या बायका गोष्टींत असतात. मला जायचं आहे.

पण पिंकीनं सगळ्या इमारतीत सांगून ठेवलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीन बायकांनी माझ्या त्यागाबद्दल तिळगुळासोबत कौतुक दिलं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "आमची संपदा तशी मनानं मोठी आहे, तोंडाचं काय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर प्रिन्सी जाईल. न सांगावं तर हे कौतुक रोज गिळायचं.

प्रिन्सीला एवढंच सांगितलं, की आता थांबू नकोस, माझा चेहरा कुठल्याही रंगाचा होवो.

"नाही थांबणार, शप्पथ," म्हणाली.

१ फेब्रुवारी, रविवार

थांबली. म्हणे, सवय लागली.

२२ फेब्रुवारी, रविवार

खोलीत हीटर आहे, पण बोटं अजून गार आहेत. त्या दोघी खाली जेवायला गेल्या आहेत. मी येते म्हटलं.

सकाळी सुटलो तेव्हा आमच्यासारखे बरेच संघ होते. पहिल्या डोंगरावर आम्ही मागे होतो, पण बाद होण्याइतक्या नाही. चौकीवर पोचलो, कातडी काढली, उतरलो. उतारावर मी छान वळत होते, पेंढ्यावर वळत होते तशीच. दुसऱ्या चढावर प्रिन्सीनं आपल्या कमरेची लवचीक दोरी माझ्या पट्ट्यात अडकवली. नियमात बसतं ते. पुढची मागचीला ओढू शकते. मी नको म्हटलं नाही. दुसरी चौकी जेमतेम गाठली.

तिसऱ्या डोंगरावर मी संपले. छातीत हवा पुरेना. एक पाय पुढे सरकवायचा आणि दुसऱ्याची वाट बघायची, असं चाललं होतं. दोरी ताणली जायची, प्रिन्सी पुढे झुकायची, मागून रीमा माझ्या सॅकला हात लावून ढकलायची. कुणी थांबलं नाही. मीच थांबायचे. दोनदा बसले. वरची चौकी, तिचा लाल झेंडा, झेंड्याशेजारचा माणूस, सगळं दिसत होतं, अगदी हाक मारण्याच्या अंतरावर, तेव्हा त्यानं घड्याळ बघून झेंडा उपटला.

आम्ही पोचलो. तो पोरगेला माणूस हात जोडून म्हणाला, "दीदी, टाइम हो गया. सॉरी." मी त्याच्याशी भांडायला लागले. तुमचं घड्याळ पुढे आहे, आम्ही समोर दिसत होतो, असा कसा झेंडा काढलात, माणुसकी आहे की नाही. ऑफिसात लोक माझ्याशी भांडतात ती सगळी वाक्यं मला पाठ आहेत, ती मी सगळी वापरली.

"बस कर!"

प्रिन्सी होती. तिनं दोन्ही काठ्या बर्फात फेकल्या. "त्याचं घड्याळ बरोबर आहे! तुझ्यामुळे बाद झालो आपण, तुझ्यामुळे! रोज सकाळी चाल म्हटलं होतं ना मी तुला? चाललीस? वेळापत्रकं करत बसलीस! सहा महिने तुझ्यासाठी थांबले, तुझ्या शिव्या खाल्ल्या, वर हसले! मला शर्यत पुरी करायची नव्हती काय? मला पण करायची होती!" मग ती तिच्या घरच्या बोलीत सुरू झाली. मला त्यातलं अर्धंच कळलं, पण अर्धं पुरेसं होतं. झेंडेवाला दोन पावलं मागे सरकला. रीमा बर्फात बसून राहिली, तिनं प्रिन्सीला आवरलं नाही.

इतकी वर्षं ओळख, पण प्रिन्सी माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. मला तिचं तोंड बघवत नव्हतं, आणि तरी छातीवरचं काहीतरी उतरत होतं.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी म्हटलं, "मी पिंकीला माझ्या जागी नव्हतं विचारलं. तुझ्या जागी विचारलं होतं."

"काय?"

"तुला काढणार होते. तू सारखी थांबतेस म्हणून. त्या दिवशी रीमाकडे तेच सांगायला आले होते."

"मला?" प्रिन्सीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तू? मला काढणार होतीस?"

"हो."

आधी रीमाला हसू फुटलं. ती बर्फात आडवी झाली. "आई गं! हिला काडनार होती! हिला!" प्रिन्सीला हसू आलं नाही. तिनं फेकलेल्या काठ्या वेचल्या, बर्फ झटकला, माझ्या पट्ट्यातली दोरी सोडवून गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकली. मला वाटलं, संपलं. आता ही आयुष्यात माझ्याशी बोलायची नाही, आणि तेच बरोबर आहे.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "मी नाही थांबणार. तिथेच मेलीस तरी नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आणि जूनपासून रोज. तुझं ते वेळापत्रक मला दाखवायचं नाही. मी सांगेन तसं."

"बरं."

"आणि ही दोरी नाही मिळणार."

"बरं."

"सारखं बरं बरं काय करतेस? मला अजून राग आलाय!"

रीमा उठली, तिनं कातडी ओरबाडून काढली. "भांडान खाली गेल्यावर करा. मना भूक लागलीय," म्हणाली आणि सुटली. तिच्यामागून प्रिन्सी. माझी कातडी अजून स्कीला चिकटलेली होती, बोटं बधिर झाली होती, एक निघता निघेना. मी हाक मारली नाही. मान वर केली तेव्हा दोघी पार खालच्या वळणावर पोचल्या होत्या, आणि दोघींपैकी एकीनंही मागे वळून बघितलं नाही. मी कातडी जॅकेटात कोंबली आणि त्यांना गाठायला निघाले.